थंडीची दवंडी

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो, आणि मोठ्यांनीही ऐकावी अशी आहे. डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठी एक गाव होतं. त्या गावात थंडी पडली हे पाटील ठरवत असे. त्याला हुडहुडी भरली की दवंडी पिटली जाई. मग देवळामागचा लाकडांचा ढीग सर्वांना खुला होई आणि घरोघरी शेकोट्या पेटत. त्याआधी त्या ढिगाला हात लावायचा नाही. घरात काय त्या चुलीपुरत्या गोवऱ्या.

रीत पडली तेव्हा वाईट नव्हती. जुना पाटील पहाटे अनवाणी शेतावर जायचा. थंडी त्याला सगळ्यांच्या आधी कळायची.

तो गेला आणि त्याचा मुलगा पाटील झाला. हा ऊन चढल्यावर उठे. अंगावर जाड रजई, पायांशी निखाऱ्यांची शेगडी, उठल्या उठल्या डिंकाचा लाडू. त्याला थंडी वाजणार कशी?

त्या वर्षी मार्गशीर्ष सरत आला, गवतावर दव गोठू लागलं, तरी दवंडी झाली नाही.

गावात एक परीट होता. पाटलाच्या रजयांच्या खोळी तोच धुवायचा, भल्या सकाळी गुडघाभर पाण्यात उभा राहून. त्याला खोकला लागला.

परटीण म्हणाली, "अहो, आज नदीवर जाऊ नका. उन्हात बसा जरा."

"अगं, थंडी अजून पडली कुठे? लोक हसतील मला," असं म्हणून तो बोचकं उचलून गेला.

काही दिवसांत त्याला ताप भरला. श्वास घेताना बरगडीत कळ येऊ लागली. गावच्या म्हाताऱ्या सुईणीने सुंठेचा काढा दिला, ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकली. मग भिंतीवरून हात फिरवून ती म्हणाली, "पोरी, भिंत ओली आहे. काढा आतून काम करेल, पण याला बाहेरून ऊब हवी. घरात विस्तव पेटता ठेव. नाहीतर हा हाती लागायचा नाही."

परटीण तशीच उठली आणि देवळामागे गेली. तिने ढिगातली चार लाकडं कवेत घेतली. तेवढ्यात पाणी भरायला निघालेली शेजारीण समोर आली.

"काय गं बाई! तुझा नवरा पाटलापेक्षा नाजूक झाला का? सगळं गाव दम धरून आहे, आणि तुम्हीच तेवढे लोण्याचे?"

बोलताना शेजारणीचे स्वतःचे दात वाजत होते. पण परटिणीला ते ऐकू आलं नाही. तिला फक्त टोमणा ऐकू आला. तिने लाकडं खाली ठेवली आणि पाटलाच्या घराकडे धावली.

"पाटील, पाया पडते, ढीग खुला करा. धन्याची छाती भरली आहे."

पाटलाने कपाळावरचा घाम पुसला. "थंडी आहेच कुठे? मला वाजू दे, लगेच दवंडी देतो. रीत मी कशी मोडू?"

तो दुष्ट नव्हता. त्याने डब्यातून डिंकाचा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. "हा त्याला दे. ताकद येईल."

ती घरी आली. परटाला लाडू चावता आला नाही. दिवस मावळायच्या आत तो गेला.

सरणाला लाकूड हवं, आणि त्याला दवंडीची अट नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी गावकऱ्यांनी ढिगातून भारेच्या भारे आणले. परटाला अग्नी दिला. मग रीतीप्रमाणे सारे नदीत उतरले, पाटीलही उतरला. पाण्यातून वर आला तेव्हा तो लटलटा कापत होता.

"अरे, थंडी पडली की! दवंडी द्या!"

संध्याकाळी चौकात मोठी शेकोटी पेटली. लोक हात पसरून भोवती बसले. शेजारीण परटिणीच्या दाराशी आली. तिचा आवाज खाली गेला होता.

"चल गं, जरा शेकायला चल. दिवसभर गारठली आहेस."

परटीण जागची हलली नाही. म्हणाली, "त्यांना जिवंतपणी एक ढलपी मिळाली नाही. मेल्यावर सगळ्या गावाने भारे वाहिले. तुला तरी काय बोलू? उचललेली लाकडं मी माझ्याच हातांनी खाली ठेवली."

शेजारीण मान खाली घालून परत फिरली. त्या हिवाळ्यात गावात लाकडांची कमतरता पडली नाही. परटिणीच्या घरात मात्र शेकोटी कधी पेटली नाही.

थंडी आपल्या अंगाला विचारावी; उबेत बसलेल्याच्या होकाराची आणि हसणाऱ्यांच्या परवानगीची वाट पाहिली, तर ऊब सरणावरच मिळते.