ठमी आत्याचे बूट

डोंगराच्या पायथ्याशी, दगडाच्या फटीत, एक चिचुंद्री राहायची. तिचं नाव ठमी.
नाक लांब. मिशा लांब. पाय मात्र एवढेएवढेसे.
तिथं कायम पाऊस. रिपरिप रिपरिप.
कायम थंडी. हुडहुड हुडहुड.
आणि वाटेवर चिखलच चिखल. पचक पचक.

एके सकाळी निरोप आला. ओढ्यापलीकडे ठमीच्या भावाला बाळ झालं होतं. आज बाळाचं बारसं.
बारशाला आत्या हवी. आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करणार. आत्या नाव सांगणार. आत्या नाही, तर नाव नाही.
आणि आत्या कोण? आपली ठमी.

ठमीनं जत्रेतले बूट काढले. लाल लाल. टिकल्या लावलेले. चारी पायांत घातले आणि निघाली तोऱ्यात. चकमक चकमक. चकमक चकमक. पचक.
एका बुटाचा तळ सुटला. फटाक.
एक बूट भिजून फुगला. फस्स.
एक बूट चिखलात रुतला. रुतला तो रुतलाच.
आणि एक बूट ओढ्यानं नेला. बुडुक बुडुक, गेला.

ठमी झाली अनवाणी. पाण्यात पाय घातला. झिणझिण झिणझिण. लगेच बाहेर काढला. दात वाजले कडकड कडकड.
ठमी काठावर बसली. थोडी रडली. मग नाक पुसलं. नाक लांब, म्हणून पुसायला जरा वेळ लागला.
"मला बूट हवेत," ठमी म्हणाली. "मिरवायचे नकोत. टिकायचे हवेत."

पचक पचक, पचक पचक, निघाली ठमी.
नाक गार, शेपूट गार, पाय तर गारेगार.

वाटेत सगुणाकाकूंचं दुकान. काकू सगळ्यांचे बूट शिवायच्या. म्हशीचे मोठ्ठे बूट. कोंबडीचे तीन बोटांचे बूट. मुंगळ्याचे तर दिसायचेच नाहीत.
ठमी म्हणाली,
"काकू काकू, बूट द्या ना.
बूट नाहीत, पाय गार.
बाळाच्या बारशाला कशी जाणार?"

काकूंनी परातीत पाणी ओतलं. मांडले बूट.
"हे घाल. राहा परातीत उभी."
सोनेरी बूट घातले. पाणी आत. गुळगुळ गुळगुळ.
"नको," ठमी म्हणाली.
घुंगरांचे बूट घातले. छुमछुम छुमछुम. पाय घसरला. घसर्रर्र, धप्प. ठमी परातीत उताणी.
"हेही नको," ठमी म्हणाली.
मग काकूंनी फळीमागून दोन जोड काढले. जाड जाड तळ. तळाला खाचा. उंच उंच गळा. वरून मेण चोपडलेलं. दिसायला अगदी बटाट्यासारखे.
ठमीनं घातले. पाणी आत आलं नाही. पाय घसरला नाही. बोटं हलवून पाहिली. बोटं हलली.
"हेच हवेत," ठमी म्हणाली. "पण काकू, आत गार लागतंय."
"लागणारच," काकू म्हणाल्या. "आत लोकर कुठंय? मेंढीकडून लोकर आण. मग बूट देते. लोकर नाही, तर बूट नाही."

पचक पचक, पचक पचक, निघाली ठमी.
नाक गार, शेपूट गार, पाय तर गारेगार.

कुरणावर भेटली मेंढी. गुबगुबीत मेंढी. ठमी म्हणाली,
"मेंढीताई मेंढीताई, लोकर दे ना.
मेंढी लोकर देईना, काकू बूट देईनात.
बूट नाहीत, पाय गार.
बाळाच्या बारशाला कशी जाणार?"

मेंढी म्हणाली, "बेंऽऽ. देईन की. पण पोटात काही नाही. मला उंबराचा पाला हवा."
"मग खा ना," ठमी म्हणाली.
"पाला वर, मी खाली. उड्या मारायला मी काय शेळी आहे? उंबराला सांग, पाला पाड. पाला नाही, तर लोकर नाही."

पचक पचक, पचक पचक, निघाली ठमी.
नाक गार, शेपूट गार, पाय तर गारेगार.

वाकड्या वाटेवर उभा होता उंबर. ठमी म्हणाली,
"उंबरदादा उंबरदादा, पाला पाड ना.
पाला पडेना, मेंढी लोकर देईना.
मेंढी लोकर देईना, काकू बूट देईनात.
बूट नाहीत, पाय गार.
बाळाच्या बारशाला कशी जाणार?"

उंबर म्हणाला, "अगं, माझी कंबर धरलीय. करकर करकर वाजते. मला हलता येत नाही. वाऱ्याला सांग, सूट. वारा आला, की मी हललो. वारा नाही, तर पाला नाही."

पचक पचक, पचक पचक, निघाली ठमी.
नाक गार, शेपूट गार, पाय तर गारेगार.

दरीत पडला होता वारा. पालथा. मुळीच हलत नव्हता. ठमी म्हणाली,
"वारेदादा वारेदादा, सूट ना.
वारा सुटेना, पाला पडेना.
पाला पडेना, मेंढी लोकर देईना.
मेंढी लोकर देईना, काकू बूट देईनात.
बूट नाहीत, पाय गार.
बाळाच्या बारशाला कशी जाणार?"

वारा कसाबसा बोलला. "फूऽऽ. कसा सुटू? पाठीवर बघ कोण बसलंय."
ठमीनं वर पाहिलं. वाऱ्याच्या पाठीवर ढग बसला होता. मांडी घालून. चांगला ऐसपैस.
"त्याला सांग, ऊठ," वारा म्हणाला. "तो उठला, की मी सुटलो. ढग उठला नाही, तर वारा नाही."

पचक पचक, पचक पचक, चढली ठमी.
नाक गार, शेपूट गार, पाय तर गारेगार.

ढग पेंगत होता. घुर्रर्र फूस. घुर्रर्र फूस. ठमी म्हणाली,
"ढगोबा ढगोबा, ऊठ ना.
ढग उठेना, वारा सुटेना.
वारा सुटेना, पाला पडेना.
पाला पडेना, मेंढी लोकर देईना.
मेंढी लोकर देईना, काकू बूट देईनात.
बूट नाहीत, पाय गार.
बाळाच्या बारशाला कशी जाणार?"

ढगानं एक डोळा उघडला. "मी नाही उठणार. मऊ मऊ वाटतंय इथं."
"ऊठ ना रे," ठमी म्हणाली.
"एकदा बसलो, की मी बसलो. डोंगरआजोबांना सांग, शिंका. ते शिंकले, की मी दचकतो. दचकलो, की उठतो. शिंक नाही, तर उठणं नाही." आणि त्यानं डोळा मिटला. घुर्रर्र फूस.

पचक पचक, पचक पचक, चढली ठमी.
आणखी वर. आणखी चिखल. आणखी थंडी.
नाक गार, शेपूट गार, पाय तर गारेगार.

माथ्याजवळ डोंगरआजोबांचं तोंड होतं. गवताच्या मिशा. दगडाचं नाक. नाकाला एक काळं काळं भोक. ठमी दमली होती. तरी पण म्हणाली,
"आजोबा आजोबा, शिंका ना.
आजोबा शिंकेनात, ढग उठेना.
ढग उठेना, वारा सुटेना.
वारा सुटेना, पाला पडेना.
पाला पडेना, मेंढी लोकर देईना.
मेंढी लोकर देईना, काकू बूट देईनात.
बूट नाहीत, पाय गार.
बाळाच्या बारशाला कशी जाणार?"

आजोबा म्हणाले, "बाळे, बला सर्दी झालीय."
"काय झालंय?" ठमीनं विचारलं.
"सर्दी, सर्दी. नाक चोंदलंय. शिंक आत अडकलीय. पुढं येत नाही, बागं जात नाही."
"मग काय करायचं?"
"कुणीतरी बाझ्या नाकात शिरायला हवं. आत गुदगुल्या करायला हव्यात. पण कुणी बारीक हवं. लांब नाकाचं. लांब बिशांचं."

ठमीनं इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही.
मग ठमीनं आपलं नाक पाहिलं. चांगलं लांब. मिशा पाहिल्या. चांगल्या लांब.
"अगंबाई," ठमी म्हणाली. "ती तर मीच."

भोक काळं होतं. आत अंधार होता. आतून थंड थंड वास येत होता. ठमीला भीती वाटली. पाय मागं मागं सरले.
मग तिला बाळ आठवलं. बिननावाचं बाळ. सगळे त्याला काय म्हणतील? 'अरे ए, तू तिकडचा' म्हणतील.
ठमीनं डोळे मिटले. आणि शिरली.

सुरसुर सुरसुर, आत गेली ठमी.
मिशा फिरवल्या. गुलूगुलू गुलूगुलू.
आजोबा म्हणाले, "आऽऽ."
आणखी आत गेली. गुलूगुलू गुलूगुलू.
आजोबा म्हणाले, "आऽऽ, आऽऽ."
मग ठमीनं शेपटी फिरवली. गोल गोल गोल.
"आऽऽ, आऽऽ, आक्छीं!"

भुर्रर्र. ठमी बाहेर. हवेत एक कोलांटी. हवेत दुसरी कोलांटी. गवताच्या मिशीवर येऊन आदळली. धप्प.
"हां," आजोबा म्हणाले. "आता कसं मोकळं वाटलं. मला, मला. बघ, 'म' पण म्हणता येतं."

मग काय झालं?
आजोबा शिंकले, ढग दचकला. दचकला आणि टुणकन उठला.
ढग उठला, वारा सुटला. सूंऽऽऽ.
वारा सुटला, उंबर हलला. करकर करकर. सळसळ सळसळ. पाला पडला टपटप टपटप.
पाला पडला, मेंढीनं खाल्ला. कचरकचर कचरकचर. पोट भरलं. ढेकरही दिला. तोवर ठमी घरंगळत घरंगळत कुरणावर आली.
"चल गं," मेंढी म्हणाली. "माझी मान धर."
ठमी मेंढीच्या मानेवर बसली. लोकरीत पाय खुपसले. मेंढी निघाली काकूंकडे. दुडुदुडु दुडुदुडु.

काकूंनी कात्री घेतली. कटकट कटकट. थोडीशी लोकर कापली. अगदी थोडीशी, मानेमागची. मेंढीला कळलंही नाही.
एका बुटात लोकर. दुसऱ्या बुटात लोकर. तिसऱ्यात, चौथ्यात लोकर. वरून टाके. टुचटुच टुचटुच.
"घाल," काकू म्हणाल्या. "आणि राहा परातीत उभी."
ठमी परातीत उभी राहिली. काकूंनी वरून तांब्या ओतला. धबधब. ठमीचं नाक भिजलं. मिशा भिजल्या.
"पाय?" काकूंनी विचारलं.
"कोरडे," ठमी म्हणाली.
"घसरतंय?"
"नाही."
"गार?"
ठमीनं पाय दाबून पाहिले. बोटं हलवली. डोळे आपोआप मिटले.
"नाही हो काकू," ती हळूच म्हणाली. "गादीवर उभी आहे असं वाटतंय."
"मग इथं काय करतेस? बाळ वाट बघतंय. पळ."

ठमी पळाली. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.
चिखलातून गेली. बूट रुतला नाही.
दगडावरून गेली. बूट घसरला नाही.
ओढ्यात उतरली. बूट भिजून फुगला नाही. ओढ्यानं ओढून पाहिलं. बूट निघाला नाही.
डुबुक डुबुक, डुबुक डुबुक, आली पलीकडे.

पलीकडे करवंटीचा पाळणा. पाळण्यात बाळ. बाळ होतं शेंगदाण्याएवढं.
वहिनी दारात उभी. भाऊ दारात उभा. सगळी चिचुंद्री मंडळी दारात उभी.
"आली," वहिनी म्हणाली. "आत्या आली. अहो, पायात काय घातलंय वन्सं? बटाटे?"
"बूट," ठमी म्हणाली. "काढून ठेवते बाहेर."
"राहू देत," भाऊ म्हणाला. "आधी नाव."

ठमी पाळण्याशी गेली. बाळाच्या कानाशी नाक नेलं. कान इवलासा, नाक लांब. नीट बसेना. मग जरा तिरकं बसवलं.
"कुर्रर्र," ठमी म्हणाली. "बाळाचं नाव गजराज."
शेंगदाण्याएवढा गजराज हसला.
आणि सगळ्यांनी आत्याची पाठ बडवली. धपाधप धपाधप, धपाधप धपाधप. काकांनी बडवली, मामींनी बडवली, शेजारच्या बेडकानंही बडवली. ठमी हसून हसून वाकली.
मग वहिनीनं घुगऱ्या वाढल्या. गरम गरम. ठमीनं पोटभर खाल्ल्या.

आजोबा शिंकले, ढग उठला.
ढग उठला, वारा सुटला.
वारा सुटला, पाला पडला.
पाला पडला, मेंढीनं लोकर दिली.
मेंढीनं लोकर दिली, काकूंनी बूट दिले.
बूट मिळाले, पाय ऊन ऊन.
आणि गोष्ट गेली संपून.