तागाच्या लाटा

कोणे एके काळी, नद्यांना अजून नावं पडायची होती तेव्हा, एक मुलगी दूरदेशी शिकून आपल्या राज्यात परतली. तिला वाटलं होतं, शेत म्हणजे कोरी पाटी. जे पेराल ते स्वच्छ उमटेल. तिला दिसलं ते निराळंच.

वरचं गाव आणि खालचं गाव यांच्यात कुणाचं वांगं सरस यावरून जुना वाद होता. राणीनं दवंडी पिटवली: "दोन्ही बियाणी माझ्या शेतात लावा. जिंकेल ते राज्यभर पेरू. हरेल ते चुलीत." निवाड्याला नेमलं त्या मुलीला.

तिनं सोपा बेत केला. अर्धं शेत यांना, अर्धं त्यांना. शेतात तेव्हा खतासाठी पेरलेला ताग उभा होता. दुसऱ्या दिवशी तो गाडून खुंट्या ठोकायच्या होत्या.

"आम्हाला आपली ओढ्याकडची बाजू दे गं बाई," खालच्या गावची पाटलीण म्हणाली. "आणि निवाड्याला आमचं सगळ्यात टपोरं वांगं मीच निवडून आणीन."

"आणा की! सोयरिकीला घरातला एकच देखणा पोरगा पुढं करतात, तसं," वरच्या गावचा म्हातारा हसला. मग हातातली बियांची पुरचुंडी घट्ट धरून हळूच म्हणाला, "पोरी, हे माझ्या आजीच्या आजीनं राखलंय. नीट बघ हं."

"बघेन, आजोबा," म्हणत ती रेघ कुठं मारावी हे पाहायला मचाणावर चढली.

ओढ्याकडे ताग माणूस बुडेल इतका उंच. मधे कमरेएवढा. जुन्या खळ्याच्या जागी पुन्हा उसळलेला. मुरमाड कडेला जेमतेम गुडघ्याला. बी एक, पेरणारा हात एक, पाऊसही एक. तरी पिवळ्या फुलांचा समुद्र लाटांनी हेलकावत होता.

तिचे हात आपोआप जुळले. "माती, तुला मी एक समजत होते. तू तर किती जणी आहेस!"

मग तिच्या ध्यानात आलं. अर्ध्या-अर्ध्या शेतात जिंकला असता ओढा, आणि जळलं असतं आजोबांचं बी.

सकाळी राणीनं विचारलं, "कुठं मारायची रेघ?"

"एक रेघ नाही, महाराणी. जिथं ताग सारख्या उंचीचा, तिथं एक पट्टा. असे अनेक पट्टे, आणि प्रत्येकात दोन्ही गावांचे वाफे शेजारी-शेजारी. कोण डावीकडे, कोण उजवीकडे, ते कवड्या ठरवतील. वाफा इतका लहान की खालची माती बदलू नये, इतका मोठा की एका रोगट रोपानं निकाल फिरू नये. कडेच्या रोपांना जागा नि ऊन जास्त मिळतं, ती सोडायची, आतली सगळी वांगी तोलायची. निवडलेलं वांगं कुणी आणायचं नाही."

"अगं, वांग्यापायी एवढा खटाटोप?" पाटलीण फणकारली.

"चुलीत तुमचंही बी जाऊ शकतं, काकू."

राणी स्वतः मचाणावर चढली. बराच वेळ खाली उतरली नाही. उतरली तेव्हा एवढंच म्हणाली, "शेत पुन्हा-पुन्हा तेच सांगेपर्यंत चूल पेटणार नाही."

म्हणून त्या वर्षी त्या राज्यात एकही बी जळलं नाही.

तात्पर्य: एका जागी मिळालेला विजय कदाचित त्या जागेचाच असतो, न्याय करायचा तर प्रत्येकाला अनेक ठिकाणी, सारख्या मातीत उभं करावं.