थंड प्लग

"लगेच कशी सुरू झाली?"

मी विचारलं तेव्हा दादा बॉनेटवरून फडकं फिरवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"गाडी सुरू झाली तर तुला काय होतंय?"

काहीच होत नव्हतं. पण आमची गाडी सकाळी अशी कधी सुरू होत नसे. आधी रुसायची, मग खोकायची, मग सगळं अंग झटकून एकदाची जागी व्हायची. आज चावी फिरवली आणि ती लग्नाला निघाल्यासारखी गुणगुणायला लागली.

मी दचकले ते त्या गोडव्याला.

दचकणं माझ्या स्वभावातच आहे. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, कुणी मागून मारलेली हाक. दादा म्हणतो, सनू पोळी फुगली तरी दचकते. कॉलेजात प्रॅक्टिकलला इंजिन सुरू करायच्या आधी सर सगळ्यांदेखत सांगायचे, मगदूम, कान झाकून घ्या. वर्ग हसायचा.

वस्तादांनी मात्र मला याच गुणावर शिकवायला घेतलं.

"दचकणाऱ्याला आधी ऐकू येतं," म्हणाले होते.

वस्ताद म्हणजे शौकत मुजावर. शर्यतीचं इंजिन बांधून हवं असेल तर कोल्हापुरात लोक त्यांच्या दाराकडं बोट दाखवायचे. तरुणपणी स्वतः शर्यती मारलेल्या, आणि त्याचा तोरा अजून तसाच. गॅरेजात पांढरी इस्त्रीची पँट घालून यायचे आणि तिच्यावर डाग पडला तर ज्याच्यामुळं पडला त्याचा दिवस वाया जायचा. आमच्या गाडीचं इंजिन हे त्यांनी बांधलेलं शेवटचं. नंतर हात थरथरायला लागला.

"यापुढं बांधणार न्हाई," त्यांनी दादाला सांगितलं होतं. "हे तेवढं सांभाळ."

दादानं पायाला हात लावला होता. मी पाहिलंय ते.

*

पहिल्या दिवशी वस्तादांनी माझ्यापुढं दोन स्पार्क प्लग ठेवले. एक काजळलेला, ओशट. दुसरा पांढरास्वच्छ, जणू दुकानातून आत्ताच आणलाय.

"कुठला घेशील?"

मी पांढरा उचलला.

त्यांनी माझी मूठ हळूच मिटली.

"ठेव तुझ्यापाशी. ज्यातनं काढला ते इंजिन मेलं."

…

तो प्लग अजून माझ्या पर्समध्ये असतो.

पुढं हळूहळू कळत गेलं. आमच्या गाडीच्या डिकीत नायट्रसची टाकी आहे. शर्यतीत बटण दाबलं की तो वायू इंजिनात शिरतो आणि आतला जाळ भडकतो. अशा इंजिनाला थंड प्लग लागतो, म्हणजे टोकाची उष्णता झटपट सोडून देणारा. गरम प्लग उष्णता धरून ठेवतो, त्याचं टोक लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच आत पेट घेतं. मग पिस्टन वितळतो, आणि काजळी जळून प्लग तेवढा पांढरा उरतो. पण थंड प्लग एरवी, सावकाश चालताना, काजळतो. म्हणून गाडी सकाळी रुसते. शर्यतीच्या रेघेवर उभी असतानाही खोकते.

तो खोकला दादाला सहन होत नव्हता. पलीकडच्या गाडीतली पोरं काच खाली करून विचारायची, "काय पाव्हणं, आल्याचा चहा देऊ काय गाडीला?"

"वस्ताद, जरा गरम प्लग घालूया की," दादा म्हणायचा.

"खोकू दे. खोकतंय तवर जितं हाय."

प्लग बरोबर आहे का हे कळायची त्यांची रीत एकच होती. गाडी पूर्ण वेगात असताना शर्यतीची शेवटची रेघ ओलांडायची आणि तिथंच इंजिन बंद करायचं. मग गाडी ढकलत परत आणायची. ढकलत, म्हणजे हातानं. परत आणल्यावर वस्तादांच्या समोर प्लग काढायचा. जोरात पळताना इंजिनात काय घडलं ते प्लगच्या टोकावर उमटलेलं असतं. इंजिन चालू ठेवून सावकाश परत आलात तर त्यावर दुसराच रंग चढतो, आणि प्लग साळसूद दिसायला लागतो.

वस्ताद दर वेळी धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. पांढऱ्या पँटीत. ढकलायला.

मागच्या शर्यतीलाही उभे होते.

दादा जिंकला त्या दिवशी. सगळी धावपट्टी ओरडत होती. त्यानं इंजिन बंद केलं नाही. वळसा घेतला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि लोकांच्या समोरून गाडी गुरगुरत आणली. वस्ताद त्या टोकाला दोन्ही हात पुढं करून उभे होते. गाडी त्यांच्या बाजूनं वळून गेली.

ते चालत परत आले. एकटे, सगळी धावपट्टी. उन्हात.

"ढकलत का आणली न्हाईस?" त्यांनी विचारलं.

दादाभोवती गर्दी होती. "वस्ताद, जिंकलेली गाडी कुणी ढकलत आणतं व्हय? लोक म्हणतील, बंद पडली."

लोक हसले. दादाही हसला. मग, हसणं थांबायच्या आत, तो आणखी एक वाक्य बोलला. "तुमचं आता वय झालं, वस्ताद."

…

वस्तादांनी खिशातला प्लगचा पाना काढला. माझ्या हातात दिला. पँटीवरची धूळ झटकली आणि गेले.

तेव्हापासून आमच्या दोघांचा फोन ते उचलत नव्हते. मी रोज करायचे. वाजत राहायचा.

*

"प्लग बदललेस ना?" मी विचारलं.

दादानं फडकं पिळलं. "बारीक टोकाचे आहेत. भारीतले. पुण्यातली पोरं हेच वापरतात."

"गरम आहेत."

"गाडी बघ कशी सुरू झाली, आणि मग बोल."

"वस्तादांना विचारलंस?"

"ते उचलतात फोन?"

त्याचा आवाज बारीक झाला होता. मला तेव्हा वाटलं, हा रागावलाय. आता वाटतं, त्यानंही रोज फोन केला असणार.

मैदान म्हणजे एक जुनी धावपट्टी. विमानं कधीच बंद झालेली, कडेला कुसळं माजलेली. सकाळी सरावाची फेरी झाली. गाडी रेघेवर एकदाही खोकली नाही. सुटली ती अशी सुटली, की मी कानांवर हात ठेवायचं विसरले. दादा इंजिन चालू ठेवूनच परत आला.

मी पाना घेऊन एक प्लग काढला. टोक छान तपकिरी, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखं.

"बघ," दादा म्हणाला.

"हा येतानाचा रंग आहे. जातानाचा कुठाय?"

तो हेल्मेट पुसायला लागला.

मी त्याला समजावलं. पर्समधून वस्तादांचे थंड प्लग काढून दाखवले, घरून निघताना मी डबी उचलली होती. वेळ आहे, बदलूया म्हटलं. निदान या फेरीला नायट्रस नको म्हटलं. निदान एकदा इंजिन तिकडं बंद कर, मी ढकलते, एकटी ढकलते. माझा आवाज कापत होता, आणि तो कापायला लागला की कुणी ऐकत नाही हे मला माहीत आहे. तरी बोलत राहिले.

मध्येच वस्तादांना फोन लावला. वाजत राहिला.

नायट्रसच्या टाकीची चावी उघडणं हे माझं काम असतं. शर्यतीच्या फेरीसाठी आमचा नंबर पुकारला तेव्हा मी डिकीत वाकले, चावीवर हात ठेवला, आणि फिरवली नाही.

दादा आला. माझा हात बाजूला केला. रागानं नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा.

त्यानं चावी उघडली.

"तुला आवाज सहन होत नाही ना, जा, लांब जाऊन उभी राहा."

मी निघाले. चालत राहिले कडेकडेनं, कुसळं ओढणीला चिकटत होती. कुठं जायचं ठरवलं नव्हतं. थांबले तेव्हा मी त्या टोकाला होते. वस्ताद उभे राहायचे तिथं.

तिथून सगळं लहान दिसतं. माणसं, मांडव, गाड्या. आपला माणूस कुठला ते ओळखूही येत नाही. हे ते दर वेळी बघत असतील, हे मला त्या दिवशी कळलं.

झेंडा पडला.

आमची गाडी पुढं होती. अर्ध्यात दादानं नायट्रसचं बटण दाबलं असणार. आवाज उंच चढला, आणखी चढला, आणि त्या आवाजाच्या आत मला दुसरा एक आवाज ऐकू आला. पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत तसा. बारीक. कोरडा.

मी दचकले. एवढ्या गर्दीत मी एकटीच आधी दचकले असेन.

मग धूर आला. पांढरा, मग निळसर. मग आवाजच थांबला. मला आवाजाची भीती वाटते. आवाज थांबल्याची इतकी वाटते, हे ठाऊक नव्हतं.

गाडी नुसत्या वेगावर घरंगळत माझ्यापर्यंत आली आणि थांबली.

दार उघडलं. दादा उतरला. धड होता. हेल्मेट काढलं, बॉनेटवर हात ठेवला आणि भाजला असणार तरी तसाच ठेवला.

"सनू… शेवटचं होतं गं त्यांचं."



मैदानावरून ओढून न्यायची जीप येत होती. दादानं तिला हातानंच परत जा म्हणून खूण केली. स्टिअरिंग सरळ करून दोरीनं बांधलं, मागं गेला आणि वाकून ढकलायला लागला. बंद पडलेली गाडी. सगळ्या लोकांच्या समोरून.

मी पर्स गळ्यात अडकवली आणि त्याच्या शेजारी हात लावला. शर्यत जिंकलेली पोरं बघत होती. कुणीतरी चहाचं काहीतरी म्हणालं. दादानं मान वर केली नाही.

ऊन तेच होतं. तीच धावपट्टी.

थोडं पुढं गेल्यावर मी एका हातानं फोन लावला आणि डिकीच्या पत्र्यावर ठेवून दिला, स्पीकर चालू करून. हात पुन्हा गाडीला लावले. वाजत राहिला. दादानं विचारलं नाही कुणाचा. आम्ही ढकलत राहिलो आणि तो वाजत राहिला…

वाजणं थांबलं. कट झाला असं मला वाटलं.

"काय गं."

मी दचकले नाही.

दादा थांबला होता. आमच्या दोघांचे श्वास तेवढे फोनमध्ये जात होते, आणि दगडावर फिरल्यावर चाक करकरलं ते.

"गाडी कुठं हाय?"

"धावपट्टीवर. परत आणतोय."

"आवाज न्हाई येत."

"इंजिन बंद आहे, वस्ताद."

…

"कोण ढकलालंय?"

मी दादाकडं पाहिलं. तो फोनकडं बघत होता.

"दादा," मी म्हणाले. "आणि मी."

पलीकडं कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग कापड झटकल्याचा. इस्त्रीची पँट असेल.

"सावकाश आणा," वस्ताद म्हणाले. "प्लग मी आल्यावर काढायचे."