शिळेची पहिली नजर

एका राज्यात, जिथे साळुंक्या माणसांसारख्या बोलत, सगुणा नावाची पाथरवटाची लेक राहत होती. दगड दिसला की तिला त्यात हत्ती दिसे, हंस दिसे. आई म्हणे, "हंस जेवायला वाढत नाहीत. दिवाळीपर्यंत या नक्षीवर चूल पेटली तर ठीक, नाहीतर जन्मभर पाटे-वरवंटे घडव." सगुणेला वाटे, पाटे घडवणे वाईट नव्हे. पण जीवच हंसात अडकला, त्याला काय करावे?

त्याच सुमारास रुसलेल्या एका मांत्रिकाने राजाच्या खजिन्याच्या दारात भलीमोठी शिळा उभी केली आणि तिच्यावर साळुंकी बसवली. शिळा हटवण्याची राजाची दवंडी ऐकून सगुणा छिन्नी-हातोडा घेऊन तिथे पोचली. शिळेसमोर काही दगडी पुरुष उभे होते.

साळुंकी म्हणाली, "हिला कान दे, तोंड दे, डोळे दे. मग वाट मिळेल."

"आणि हे दगडी पुरुष कोण?"

"थोर कारागीर. पहिली नजर आपल्यावर पडावी, कीर्ती व्हावी, म्हणून समोर उभे राहिले. नजर पडली, दगड झाले. हिचा चेहरा पुन्हा कोरा झाला."

सगुणेने कान कोरले. शिळा छिन्नीचा ठेका ऐकू लागली. तोंड कोरले, शिळेने विचारले, "मी दिसते कशी?"

"थांबा बाई, कळेल," सगुणा म्हणाली आणि राजाकडून आरसा मागवला. मूर्तीचे डोळे शेवटी उघडावे, तेही बाजूला उभे राहून, आणि पहिली नजर आरशावर पडू द्यावी, ही पाथरवटांची जुनी रीत. कीर्तीच्या नादात थोरामोठ्यांना तिचाच विसर पडला होता.

डोळे उघडले. शिळेने स्वतःला पाहिले, लाजली आणि हसत बाजूला सरली. शाप तुटला. खजिन्याचे दार उघडले, दगडी कारागीर अंग झाडत उठले, आणि कोणाला आनंद आवरेना.

राजा म्हणाला, "अर्धे राज्य माग."

"ते सांभाळायला सवड कोणाला, महाराज? मला बारमाही काम द्या."

राजाने शब्द दिला: राज्यातली प्रत्येक वेस, प्रत्येक बारव सगुणेने कोरावी आणि प्रत्येक सुगीला तिच्या घरी धान्य पोचावे. उठलेले कारागीर तिच्या हाताखाली आले, थोडे कुरकुरत, पण आले.

दिवाळीला दारात गावोगावचे पाटील उभे. आई उंबऱ्यावर पदर खोचून सांगत होती, "पुढच्या वर्षी या. माझ्या लेकीला हात दोनच आहेत."

जसे सगुणेचे हात आवडत्या कामाला लागले, तसे तुमचेआमचेही लागोत.