मरणावर पोथी मिटत नाही

"मग यातलं वाचण्याजोगं कोणतं, तेवढं सांगा अक्का."

शाल्मलीने पुस्तकांची चळत पुढे सरकवली. अठरा पुस्तकं होती. कादंबऱ्या, कवितासंग्रह, एक पत्रांचं पुस्तक. सगळी बाईने बाईवर केलेल्या प्रेमाची.

ती पुण्यात एका कॉलेजात साहित्य शिकवायची. असल्या पुस्तकांची एक यादी तिने केली होती आणि ती महिनाअखेर छापायला जायची होती. कुठल्या कुठल्या गावच्या मुली ती यादी लपूनछपून वाचणार होत्या. नदीकाठच्या मठीतल्या या म्हातारीला पुस्तक नुसतं ऐकून जोखता येतं, असं कुणीसं तिला सांगितलं होतं. तिला ते खरं वाटलं नव्हतं. बघू तरी, म्हणून ती आली होती.

अक्कांनी चळतीला हातही लावला नाही.

"तुझं आवडतं कुठलं?"

"हे." शाल्मलीने वरचंच उचललं. "यातलं दुःख अस्सल आहे."

"आन् बाकीच्यांत?"

"दुःखच आहे. पण याच्याइतकं नाही."

"सुखाचं एखादं न्हाई आणलंस?"

शाल्मली हसली. वर्गात भाबडा प्रश्न आला की ती असंच हसायची.

"सुखावर काय लिहिणार अक्का? त्यात घडतं काय?"



अक्कांनी दाराजवळच्या खांबाकडे हनुवटी केली. "ती कोण?"

खांबाला टेकून लतिका बसली होती. नऊ वर्षं शाल्मलीचं आणि तिचं एक घर होतं, एक संसार होता. भांडणंसुद्धा एकाच गॅसवर शिजायची.

"ती... गाडी चालवायला आलीय," शाल्मली म्हणाली.

लतिकेला ऐकू गेलं. ती बाहेर नदीकडे बघत राहिली.

दुपारी पोथीच्या वेळेला आठ-दहा बायका आल्या आणि वाती वळत बसल्या. अक्कांनी पोथीचा पाट शाल्मलीपुढे ठेवला.

"आज तू वाच. तुझंच त्ये."

शाल्मलीने कादंबरीचा शेवटचा भाग वाचला. तिचा आवाज चांगला होता आणि हे तिलाही चांगलं ठाऊक होतं. सगुणा आणि तारा, एका गावच्या दोन पोरी. जीव एकमेकींत गुंतलेला. ताराचं लग्न ठरतं. हळदीच्या दिवशी ती विहिरीत उडी घेते. सगुणा काठावर उभी राहते, आणि पाणी पुन्हा संथ होतं.

वातींवरचे हात थांबले होते. एका बाईने डोळ्यांना पदर लावला. शाल्मलीने समाधानाने पुस्तक मिटलं.

कुणी उठेना...

"पुढं वाच," अक्का म्हणाल्या.

"संपलं."

"मरणावर पोथी मिटत न्हाई हितं. ऐकणाऱ्या घरला मरण घिऊन जात्यात."

"पण ही पोथी नाही. कादंबरी आहे."

"पाटावर ठेवलीस न्हवं? मग पोथीच. वाच पुढं."

"पुढे पानच नाही अक्का."

"मग आमी बसलोय."

आणि खरंच, सगळ्या बसून राहिल्या. लेखकांनी काय लिहायला हवं होतं, हे शाल्मली पंधरा वर्षं शिकवत आली होती. स्वतः एक ओळ जोडायची वेळ आली आणि तिला घाम फुटला.

"मग... सगुणेनेही उडी मारली," ती कशीबशी म्हणाली. "आणि तिला..."

"सगुणेला पोहता येत नाही," खांबापासून आवाज आला. "पहिल्याच प्रकरणात आहे. पण गोठ्यात दोर आहे."

गाडी चालवायला आलेल्या बाईने कादंबरी नीट वाचलेली होती.

"मग दोर टाकला," शाल्मली म्हणाली. "ताराने तो धरला."

"वर आली?" हौसाबाईने विचारलं. मघाशी पदर लावला होता तो हिनेच.

"आली."

"हां. मग?"

"मग दोघी शहरात गेल्या. एक खोली घेतली."

"पाण्याचं कसं?"

"नळ होता. सकाळी तासभर यायचा."

"आन् जेवायला काय केलं पहिल्या दिशी?"

शाल्मलीला हसू आलं. हे कुठल्याच प्रस्तावनेत तिने लिहिलं नव्हतं. "भात. सगुणेने लावला."

"आणि करपवला," लतिका म्हणाली. "भात चढवते आणि पुस्तक उघडून बसते. सगळ्या घरात वास सुटतो, आणि हिला पत्ता नाही."

हौसाबाईने मान वळवली. "तुला काय ठावं गं?"

शाल्मलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एखादी थाप मारून अजून निभावता आलं असतं. तिने लतिकेकडे पाहिलं. लतिका तिच्यासाठी थाप शोधतच होती.

"तिला ठाऊक असणारच," शाल्मली म्हणाली. "आम्ही दोघी नऊ वर्षं एका घरात राहतो. ती ड्रायव्हर नाही. ती माझी आहे."



"मग तकडं खांबाला का बसवलीस तिला?" हौसाबाई म्हणाली, आणि ढुंगण सरकवून तिने जागा केली. "ये गं हिकडं. आन् दुसऱ्या दिशी काय केलं, त्ये सांग."

लतिका आली. मग दोघी सांगू लागल्या. एकीचं वाक्य दुसरी खोडायची, आणि बायका कधी हिची बाजू घ्यायच्या, कधी तिची. घरमालकिणीचं कुत्रं आलं, गळकं छप्पर आलं, एका आठवड्याचा अबोला आला. तो कशावरून, हे दोघींनाही आठवेना, तेव्हा हसून हसून हौसाबाईला ठसका लागला. शाल्मलीला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तरी शेवटी खोड जाईना.

"पण अक्का," तिने विचारलं, "यात वाचण्याजोगं काय आहे? ना कुणी मरत, ना कुणी जीव देत. नुसता करपलेला भात."

अक्कांनी ती अठरा पुस्तकं उचलून बाजूला ठेवली आणि पुढे सरकून मांडी घातली.

"त्ये ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "करपलेला भात खाल्ला कुणी, त्ये सांग."