पवळीची मुकी घंटा

तळखांब हे गाव डोंगराच्या पायथ्याशी वसलेले. गावाबाहेर ओढ्याकाठी महादेवाचे जुने देऊळ आहे आणि त्या देवळाच्या ओवरीत श्री वेळूनाथ महाराज बावीस वर्षे राहिले. अंगावर एक घोंगडी आणि हातात वेळूची काठी, एवढाच त्यांचा संसार. महाराज फार बोलत नसत, आणि बोलले तरी ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ लागायला कधी कधी वर्ष जाई. त्यातलीच ही एक हकिगत.

तळखांबच्या डोक्यावर उभा कडा आणि कड्याच्या वर मैलभर पसरलेले खडकाळ पठार. त्या पठारावरच्या वरवाडीत धुळू झोरे नावाचा गवळी धनगर राहायचा. घरात म्हातारी आई, बायको ठकू, तीन मुली, आणि गोठ्यात चौदा गुरे. माणसे आणि गुरे यांच्यात त्याला फारसा फरक करता येत नसे. वाडीत कुणी बाळंत झाली, की पहिले काही दिवस धुळूच्या घरचे तांब्याभर दूध तिच्या दारात आलेच म्हणून समजावे. कुणाची गाय अडली, कुणाचा बैल दरीत उतरला, तरी हाक धुळूलाच. दर सोमवारी तो कड्याची वाट उतरून महाराजांसाठी दूध घेऊन येई, आणि त्याच्या पुढे पवळी नावाची त्याची गाय चालत असे. तिला कुणी बोलावलेले नसे. बारा वर्षे ती आपली आपण यायची, ओढ्याचे पाणी प्यायची, महाराजांच्या हातचे चार घास खायची आणि परत वर जायची.

पुढे पवळी म्हातारी झाली. आधी दूध आटले, मग डोळ्यांत फूल पडून दोन्ही डोळे गेले. तिच्या गळ्यातल्या पितळी घंटेचा लोलकही झिजून रानात कुठेतरी गळून पडला. धुळू नवा लोलक बसवून घ्यायला निघाला, तेव्हा महाराज म्हणाले, "राहू दे. वाजायची वेळ आली की वाजेल." धुळूने मान डोलावली. महाराज म्हणाले ना, मग झाले!

वरवाडीचे शिदोजीराव सरनाईक यांना मात्र या प्रकाराचे हसू आवरत नसे. पठारावरची चांगली जमीन सगळी त्यांची, दावणीला जातिवंत गुरे, आणि गाय आटली की तिला बाजार दाखवायचा हा घरचा शिरस्ता. धुळूच्या गोठ्यावरून जाताना ते मुद्दाम थांबत.

"धुळ्या, आंधळ्या गाईच्या गळ्यात मुकी घंटा! जोडा झकास जमवलास. आणि तुझा तो गोसावी म्हणतो, वाजेल. त्याला म्हणावं, आधी गाईला डोळे दे."

"म्हाताऱ्या माणसाला कुणी घराभाईर काढतं का, आबासाब?" धुळू म्हणे. "हिच्या दुधावर माझ्या पोरी वाढल्या."

"मग मीही म्हातारा होत चाललोय. मलाही बांध तुझ्या दावणीला," असे म्हणून सरनाईक खो खो हसत पुढे जात. धुळू आपला पवळीच्या पुढ्यात गवत टाकत राही.

अशी दोन वर्षे गेली. भाद्रपद लागला होता. पठारावरच्या माणसांना धुके काही नवे नाही, पण त्या वर्षी सलग चार दिवस हातभर अंतरावरचे दिसत नव्हते. आणि नेमकी तेव्हाच सरनाईकांची एकुलती एक लेक वत्सला पहिल्या बाळंतपणाला अडली. ती दोन दिवस कळा सोसत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "आबा, माझ्या हातात आता काय न्हाई. तळखांबच्या दवाखान्यात न्या. दुपारच्या आत पोचली, तर दोन जीव वाचतील."

डोली बांधली. चार गडी निघाले, बरोबर सरनाईक. कड्याच्या तोंडाशी येतात न येतात तोच पुढच्या गड्याचा पाय घसरला. तो कसाबसा सावरला, पण पायाखालचा धोंडा सुटून खाली गेला आणि तो आपटल्याचा आवाज कितीतरी वेळाने आला. गड्यांनी डोली खाली ठेवली. म्हणाले, "आबा, वाट दिसत न्हाई. पोरीला घिऊनच दरीत जाऊ सगळी." सरनाईकांनी आधी दम दिला, मग हात जोडले. ज्या माणसाने जन्मात कुणापुढे मान वाकवली नव्हती, तो आपल्या गड्यांना हात जोडत होता. गडी मान खाली घालून उभे राहिले.

ही बातमी धुळूच्या कानी गेली. दोराचा उपयोग होईल म्हणून तो गोठ्याकडे धावला, आणि दारातच थबकला. सहा महिने जागची न हललेली पवळी दारात उभी होती, तोंड कड्याच्या वाटेकडे करून.

"ठकू, हिला कुणी सोडलं?"

"कुणी न्हाई. आत्ता तर बसली हुती," ठकू म्हणाली.

धुळूने दोर खांद्यावर टाकला आणि तो पवळीच्या मागे चालू लागला.

कड्यापाशी पोचल्यावर तो म्हणाला, "आबासाब, ही वाट हिच्या पायात हाय. हिला धुकं कालबी हुतं आन् आजबी हाय. हिच्या मागं चला."

"आंधळ्या जनावराच्या मागं माझी लेक घालू?" सरनाईक ओरडले.

तेव्हा डोलीतून वत्सलेचा क्षीण आवाज आला. "आबा, तुमच्या डोळ्यांनी मला इथवरच आणलं. आता तिच्या मागं जाऊ द्या."

सरनाईक वाटेतून बाजूला झाले. गड्यांनी डोली उचलली. धुळूने दोराचे एक टोक डोलीला बांधले, दुसरे एका हातात घेतले आणि दुसऱ्या हाताने पवळीचे शेपूट धरले. दोन पावलांत गाय दिसेनाशी झाली, धुळूही दिसेनासा झाला. आणि पुढच्या पांढऱ्या अंधारातून घंटा वाजू लागली. टण, टण, टण. गडी त्या आवाजावर पाऊल टाकू लागले.

अर्ध्या वाटेवर घंटा थांबली, तसे तेही थांबले. पुढे दरड कोसळून वाट तुटली होती, हे त्यांना परतताना कळले. थोड्या वेळाने घंटा डाव्या अंगाला, डोंगराच्या कुशीकडून वाजली. गडी तिकडे वळले आणि खडकाला धरून पुढे सरकले. घंटेत काय आहे आणि काय नाही, हे त्या वाटेवर एकट्या धुळूला आठवत होते. हातातले शेपूट खरे आहे, एवढेच त्याला कळत होते.

दुपार व्हायच्या आत डोली दवाखान्यात पोचली. तासाभरात वत्सलेला मुलगी झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप होत्या.

सरनाईक तसेच देवळाकडे धावले. पवळी ओढ्यावर पाणी पिऊन ओवरीसमोर उभी होती. धुळू आणि चौघे गडी पायरीवर बसले होते. देवळाचा गुरव म्हणाला, "महाराजांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. डोळे मिटून बसलेत आणि उजवं मनगट नुसतं हलत होतं. डोली गावात शिरली तेव्हा कुठं थांबलं." सरनाईकांचे त्याच्या बोलण्याकडे लक्ष नव्हते.

"महाराज, या घंटेच्या आवाजावर आम्ही उतरलो," ते म्हणाले. "आजपासून हिच्या गळ्यात चांदीची घंटा."

जुनी घंटा काढायला त्यांनी ती हातात घेतली. ती वाजली नाही. त्यांनी हलवून पाहिली, तरी वाजली नाही. मग त्यांनी आत दोन बोटे घातली. बोटांना नुसते गार, गुळगुळीत पितळ लागले.

"धुळ्या, लोलक वाटेत पडला का रे?"

"न्हाई आबासाब," धुळू हळूच म्हणाला. "दोन वर्सं झाली. तुमीच तर मुकी म्हणायचा."

चौघे गडी उठून उभे राहिले. सरनाईकांनी महाराजांच्या मनगटाकडे पाहिले आणि गुरवाचे बोलणे त्यांना आता उमगले. त्यांनी महाराजांच्या पायांवर लोटांगण घालायला अंग टाकले, तोच महाराजांनी पाय आवरून घेतले.

महाराज म्हणाले, "आमचे पाय कोरडे आहेत, सरनाईक. वाटेचा चिखल ज्यांच्या पायांना लागलाय, तिकडे जा."

सरनाईकांनी फेटा काढून ओवरीत ठेवला. ते धुळूपुढे वाकले, तसा तो बिचारा संकोचून मागे सरला. मग ते पवळीच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले आणि तिच्या चिखलाने भरलेल्या खुरांवर त्यांनी कपाळ टेकले. पवळीने त्यांना हुंगले, आणि वासराला चाटावे तसे ती त्यांचे टक्कल चाटू लागली.

मान वर न करताच ते म्हणाले, "धुळूबा, मला दावणीला बांध म्हणालो होतो. तेव्हा चेष्टेनं म्हणालो होतो."

धुळूने डोळे पुसले. "गोठ्यात जागा हाय, आबासाब," तो म्हणाला. "उठा आता. लेक वाट बघत आसंल."

ज्याची वाट आज धुक्यात आहे, त्याच्याही कानी महाराजांची ती घंटा पडो.