खोडलेली ओळ वाचता यावी

एकदा तलावाकाठच्या एका नगरात एक वृद्ध आचार्य राहत असत. जुने कागद वाचायचे, पारखायचे आणि त्यांतून जे खरे निघेल ते लोकांपुढे ठेवायचे, हेच त्यांचे आयुष्यभराचे काम होते. त्यांनी लिहिलेला नगराचा इतिहास तीस वर्षे शाळेत शिकवला जात होता. त्यातले एक वाक्य तर लहानथोरांना तोंडपाठ होते : ‘दोनशे वर्षांत आपल्या तलावाचा बांध एकदाही फुटलेला नाही.’

त्यांच्या शिष्याचे नाव दिगंबर. मोडी वाचायला त्याला आचार्यांनीच शिकवले होते. एका पाटलांच्या घरून जुन्या कागदांची गाठोडी आली होती, ती सोडून तो रोज एकेक पत्र वाचीत बसे. एके दिवशी एका ओळीपाशी त्याचे बोट थांबले. दीडशे वर्षांपूर्वी नगराच्या कारभाऱ्याने आपल्या वरिष्ठांना लिहिले होते, ‘उत्तरेकडील बांध फुटोन पेठेतील अठरा घरे वाहोन गेली. माती दगड भरोन भगदाड बुजविले आहे.’

दिगंबरने ते पत्र तीनदा वाचले. मग घडी घालून ते त्याने गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सारले.

त्याच्या मनात काय होते ते समजण्यासारखे आहे. नगरातले व्यापारी लखमशेठ मुलांसाठी नवी शाळा बांधून देणार होते. जागा ठरली होती उत्तरेकडच्या बांधाच्या पायथ्याशी. दसऱ्याला पायाभरणी, आणि त्याच मुहूर्तावर आचार्यांचा सत्कार. ज्यांनी आपल्याला अक्षर लावायला शिकवले, त्यांचेच वाक्य खोटे पाडायचे, तेही सत्काराच्या तोंडावर? आठ दिवस त्याला धड जेवण गेले नाही. पण डोळ्यांपुढे येई ती बांधाखालची शाळा, आणि वर्गावर्गांत बसलेली मुले.

नवव्या दिवशी ते पत्र घेऊन तो आचार्यांपुढे उभा राहिला.

“आचार्य, आपल्या हातून चूक झाली आहे,” एवढेच त्याला बोलता आले.

आचार्यांनी पत्र उजेडाकडे धरले आणि सावकाश वाचले. दिगंबर मान खाली घालून उभा होता.

“कारभाऱ्याने हे स्वतः पाहिले होते का?” त्यांनी विचारले.

“पाहिले होते. तो तेव्हा पेठेतच राहत होता, पत्रात तसे लिहिले आहे.”

“मग त्याच्याखेरीज आणखी कोणी सांगते का, ते शोधू. एकाच्या शब्दावर गाव हलवायचे नाही.”

दोघांनी मिळून उरलेली गाठोडी उलगडली. तिसऱ्या दिवशी एका विधवेचा अर्ज सापडला. ‘बांधाच्या पाण्यात घर गेले, मुलांस घेऊन देवळात राहते, राहावयास जागा मिळावी.’ साल तेच होते. आचार्यांनी तो कागद कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत गेले आणि म्हणाले, “माझ्या पुस्तकाच्या जितक्या प्रती असतील तितक्या आणा.” ओसरीवर मांडी घालून ते बसले. दौत उघडली आणि एकेका प्रतीतले ते वाक्य एका बारीक रेघेने खोडू लागले. समासात लिहीत : ‘बांध एकदा फुटला होता. हे दिगंबरने दाखवून दिले. पाहा, कारभाऱ्याचे पत्र आणि विधवेचा अर्ज.’

मुख्याध्यापक अवघडले. “आचार्य, वर कागदाची पट्टी चिकटवली तर? कोणाला काही कळायचे नाही.”

“नको,” आचार्य म्हणाले आणि लिहीत राहिले.

शेवटी दिगंबरला राहवेना. “चूक पुसून टाकली असती तर आपलाच मान राहिला असता. खोडलेले वाक्य वाचता येईल असे का ठेवता?”

आचार्यांनी लेखणी खाली ठेवली.

“बाळा, पट्टी चिकटवली तर मुलांना नवे वाक्य मिळेल, आणि जुन्यासारखेच तेही ती पाठ करतील. खोडलेली ओळ दिसली तर त्यांना कळेल की माणसे काय समजत होती, ते का बदलले आणि कोणत्या पुराव्याने. इतिहास शिकवायचा तो एवढ्यासाठी. नगराचे गोडवे गायला भाट पुष्कळ मिळतील. इतिहासकाराला लोक पोसतात ते त्याने खरे शोधावे म्हणून, आणि आपले चुकले तर चारचौघांत सांगावे म्हणून. तू माझा मान घालवलास असे तुला वाटते. अरे, तीस वर्षे मी मुलांच्या हाती जे चुकीचे देत होतो, ते तू थांबवलेस. मी तुझा ऋणी आहे.”

दिगंबरचे डोळे भरून आले.

ही बातमी लखमशेठांच्या कानी गेली. ते तणतणत आले. “दोन जुन्या चिटोऱ्यांसाठी नगराची अब्रू घालवता? आमच्या बांधाला नावे ठेवता?”

“मी सांगतो म्हणून मानू नका,” आचार्य शांतपणे म्हणाले. “जागा खणून पाहा.”

खणताना निम्मे गाव जमले होते. पुरुषभर खोलीपर्यंत पक्की जमीन लागलीच नाही. भुसभुशीत माती निघत राहिली. तिच्यात फुटकी कौले, एक मोडका पाट आणि जात्याची अर्धी तळी. लखमशेठ खड्ड्यात उतरले. त्यांनी जात्याच्या तळीवरची माती हाताने झाडली.

“इथे कोणीतरी दळत होते,” ते हळूच म्हणाले.

“होय,” आचार्य म्हणाले. “आणि त्या कारभाऱ्याने आपल्या अमदानीतली आपत्ती झाकून ठेवली नाही, म्हणून आज आपल्याला ते कळले.”

शाळा पूर्वेकडच्या उंच माळावर बांधायचे ठरले. पायाभरणी दसऱ्यालाच झाली. सत्काराची शाल आचार्यांनी घेतली. भाषण मात्र त्यांनी दिगंबरला करायला लावले, आणि त्याने ते दोन्ही कागद जसेच्या तसे वाचून दाखवले.

समारंभ आटोपल्यावर लखमशेठ गर्दीतून वाट काढत दिगंबरपाशी आले.

“माझी नात पुढच्या वर्षी पहिलीत बसणार आहे,” ते म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले.

दिगंबरने चटकन त्यांचे हात धरले. खाली मंडपात आचार्य मुलांच्या घोळक्यात बसले होते आणि एका मुलीला मोडीतले पहिले अक्षर गिरवून दाखवत होते.

आपल्या गावात असे कोणी जुने कागद उलगडत बसलेले असेल, तर येताजाता क्षणभर त्याच्या दाराशी थांबावे आणि त्याचे आभार मानावेत.